हजाराला दहा

चुंचाळ्यात, घरकुलाच्या शेवटच्या इमारतीखाली
माझं दुकान आहे.
रिचार्ज, झेरॉक्स, पैसे पाठवून मिळतील.
हजाराला दहा रुपये.
कारण मी विचारत नाही,
तरी आधी तेच येऊन काउंटरवर कोपर टेकतं.

सात तारखेला अंबडच्या कंपन्या सुटतात.
जनार्दन गांगुर्डे बोटांचं ग्रीस पँटला पुसतो,
आधी एकच रुपया टाकायला लावतो
आणि पेठला फोन करतो, "आला का गं?"
तिकडे कोणीतरी शेजारच्या घरी पळतं,
कुत्रं भुंकतं, मग आवाज येतो, "आला."
तेव्हा बाकीचे सातशे नव्व्याण्णव.
दर महिन्याला तोच नंबर, तोच रुपया.
म्हटलं, अहो, आता नंबर सेव्ह आहे माझ्याकडे.
म्हणाला, "असू दे.
रुपयाच्या निमित्तानं दोनदा बोलणं होतं."

सुगंधा चव्हाणके पावती घेत नाही.
पुतणीची नर्सिंगची फी, पाचशे.
"आमच्या ह्यांना बोलू नका."
दोन दिवसांनी तिचे हे येतात,
त्याच नंबरवर पाचशे टाकतात.
"घरात बोलू नका."
मी कुठे बोलतो!
पाच अधिक पाच, माझे दहा.

उलटेही येतात पैसे.
हरसूलहून एक म्हातारी
निराधारच्या पगारातले सहाशे लेकाला पाठवते.
त्याला सहा महिने भरले म्हणून कंपनीनं ब्रेक दिलाय.
मी रोख मोजून देतो.
तो पुन्हा मोजतो,
भिंतीकडे तोंड करून,
सहाच नोटा,
खूप वेळ.

शटर ओढायच्या सुमाराला ठकूआत्या येते.
पंचवटीच्या मार्केट यार्डात ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधते.
तिच्या नोटा ओल्या असतात, हिरव्या वासाच्या.
"लासलगावला टाक. शेवंताला. बाराशे."
शेवंता तिची कोण, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही.
एकदा विचारलंच मी, कोण लागते गं तुझी?
"लागत नाही कोणी.
मी बाळंतीण होते तेव्हा तिच्या सासूनं
सव्वा महिना रोज दोन भाकरी जास्त थापल्या.
सासू गेली. आता सून आजारी आहे."
एवढंच म्हणाली,
आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

या गाळ्याचं डिपॉझिट आत्याचं आहे.
भिशी पहिल्याच नंबरात उचलून
तिनं चाळीस हजार आणले होते,
वर दोन जुड्या ठेवल्या होत्या, बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून.
मग एकोणीस महिने ती हप्ते भरत राहिली.
तारीख लिहिली नाही, कागद केला नाही,
'उसने' हा शब्द सात वर्षांत
ना तिनं काढला, ना मी.
मी काढणार असतो. दर दिवाळीला.
माझ्या तोंडावर तो आला की तिला बरोबर कळतं,
वर बघून म्हणते, "पंखा कुरकुरतोय रे, तेल घाल."

बाराशेचे बारा झाले.
आज मी ते परत सरकवले.
म्हटलं, आत्या, तुझ्याकडून काय घ्यायचं?
तिनं ते माझ्या पुढ्यात आणून ठेवले,
दहाची नोट, वर दोनाचं नाणं,
"घे. धंदा आहे.
तू हे बारा सोडलेस
तर मला ते चाळीस हजार आठवतील.
आणि एकदा आठवले
की मग मला मोजावं लागेल."

मी बारा रुपये गल्ल्यात टाकले.
"गेले का?" तिनं विचारलं.
"गेले."
"मग थांब जरा. तिचा फोन येईल."

अर्धं ओढलेलं शटर तसंच.
बाहेर शेवटची सिटीबस वळून गेली.
आम्ही दोघं थांबलोय.